आधी घार काढा, गरुडाचं नंतर बघू

रविवारी सकाळी आठला आमच्या पेठेतल्या मटणाच्या दुकानासमोर रांग लागलेली असते. घराघरांत तांबड्या-पांढऱ्याची तयारी. रांगेच्या पलीकडे भिंतीला टेकून, हातात पिशवीऐवजी वही घेतलेली एक बाई उभी असते, ती मी. पहिले दोन महिने मटणवाले मामा दर खेपेला विचारायचे, "ताई, अर्धा का पाव?" आता विचारत नाहीत. चरबीचा तुकडा वर भिरकावण्याआधी नुसती हाक मारतात, "आली बघा, काढा."

आली म्हणजे घार. (मांस भिरकावणं मला पटत नाही. सांगूनही झालं. मामांचे वडीलही भिरकावत होते, विषय संपला.)

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि शिकारी पक्षी हे माझं वेड आहे. शनिवारी दुपारी काही मुलं-मुली शिकायला येतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला गरुड काढायचा असतो. मी सांगते, वर्षभर घार. सगळ्यांची तोंडं पडतात. कोल्हापुरात गरुडाला मान आहे, अंबाबाईच्या देवळात त्याच्या नावाचा मंडप आहे. घारीला कोण विचारतो? कचऱ्यावर बसणारी, पोराच्या हातातला वडा पळवणारी.

पण हिशेब करा. घार साधारण दोन फूट लांब, पंख पसरले की पाच फुटांच्या आसपास. तिचा पंख कुठं मोडतो, शेपटी कशी वळते, हे दुर्बिणीशिवाय दिसतं. बसलेली, उडणारी, भांडणारी, उडता उडता पायातला घास चोचीला लावणारी, सगळं एका सकाळीत आणि फुकट. गरुड वर्षात चार वेळा दिसणार, तोही डोंगराच्या पलीकडच्या अंगाला तिळाएवढा. चार वेळा पाहिलेली गोष्ट काढता येत नाही. मग माणूस मोबाईल उघडतो आणि तिथंच घात होतो.

माझाही झाला. मुलांच्या एका मासिकासाठी मी असाच नेटवरच्या फोटोवरून गरुड काढला. छापून आला, कौतुकही झालं. महिन्याभरानं एका वाचक मुलाचं पत्र आलं: "ताई, गरुडाच्या पायात दोरी का बांधली आहे?" फोटो पाळीव पक्ष्याचा होता. असे पक्षी हातावर बसवणारे लोक त्यांच्या पायात चामड्याच्या पट्ट्या अडकवतात. मी त्या इमानेइतबारे, सावलीसकट काढल्या होत्या. भिंतीभिंतींवरचे पांढऱ्या डोक्याचे गरुडही असेच आलेले. तो पक्षी उत्तर अमेरिकेतला, पंचगंगेवर तो कुणाला दिसणार?

आता कामाला लागू.

साहित्य

फार काही नाही. हाताच्या पंजाएवढी जाड कागदाची वही, फोर-बी पेन्सिल, एक काळं बॉलपेन. खोडरबर घरी ठेवा. खोडत बसलात की पक्षी उडून जातो आणि तुम्ही कागदाकडे बघत राहता. दुर्बीण असली तर आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) बरी, पण पहिले सहा महिने नसली तरी अडत नाही. दुर्बिणीतून बघत बघत काढायचा खटाटोप करू नका. दहा आकडे मोजेपर्यंत बघा, दुर्बीण खाली, मग काढा.

वजन कुठं आहे?

माझे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांचे बोर्ड, गाड्यांचे नंबर, मंडळांचे कापडी फलक. त्यांच्याकडून अक्षर शिकले आणि अक्षराच्या जोरावर सव्विसाव्या वर्षी एका तालमीच्या भिंतीवर आठ फुटी गरुड काढायचं काम मिळालं. अकरा दिवस मी पिसं काढत होते. एकेक पीस, त्याचा दांडा, दांड्यावरची चमक. शेवटच्या दिवशी वस्ताद बाहेर आले. अंगाला तांबडी माती, खांद्यावर पंचा. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, पिसं झकास. पण ह्यो उभा कुठं हाय? खुंटीला टांगलाय ह्याला. पायात वजनच न्हाई."

समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मी घरी जाऊन रडले. मग दुसऱ्या दिवशी नदीच्या घाटावर जाऊन पहिल्यांदा घारीचे पाय बघितले.

म्हणून माझ्या वर्गात पहिली वीस पानं पिसाविना जातात. रीत अशी. आधी फांदी काढा, पक्षी नव्हे. फांदीवर दोन पंजे कुठं आहेत तिथं दोन ठिपके द्या. पंज्यांमधून सरळ वर एक उभी रेघ मारा. वडील मोठा बोर्ड आखताना दोरीला नट बांधून ओळंबा सोडायचे, तोच हा ओळंबा. आता बघा, डोकं या रेघेच्या पुढं किती, शेपटी मागं किती. दोन्हीकडचा तोल जमला तर पक्षी बसला. नाही जमला तर तो पुढं तोंडावर पडतोय किंवा खुंटीला टांगलाय. मग अंड्यासारखं शरीर, त्यावर डोक्याचा गोळा, पाठीची एक रेघ. बास. एका पक्ष्याला एक मिनिट, एका पानावर सहा पक्षी.

पायाची एक गोची आधीच सांगून ठेवते. पक्ष्याचा गुडघा मागं वाकतो असं आपल्याला वाटतं. तो गुडघा नसतो, ती टाच असते. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढं वाकतो. एवढं कळलं तरी पायांच्या काड्या व्हायच्या थांबतात. पंज्याला तीन बोटं पुढं, एक मागं. मागच्या आणि पुढच्यातल्या आतल्या बोटाची नखी सगळ्यांत दणकट असते, कारण पकड त्या दोघींची. चारही नख्या सारख्या काढल्या की पंजा कोंबडीचा दिसतो.

वेळेचं म्हणाल तर हिवाळ्यात सात ते नऊ. जमीन तापेपर्यंत घारी उंच झाडांवर, टॉवरवर, नदीकाठच्या खांबांवर बसून असतात, काही पंख उघडून ऊन खातात. नऊ-साडेनऊला गरम हवा वर उठायला लागली की एकेक करून निघतात आणि मग दुपारपर्यंत खाली बघतही नाहीत. भर पावसाळ्यात मला घारी कमीच दिसतात. तेव्हा जुन्या वह्या काढून बसते.

डोकं

इथं मात्र घाई नको. शिकारी पक्ष्याचं डोकं म्हटलं की मुलं रागीट भुवई काढतात. तो राग नसतो, डोळ्यावर आलेलं हाड असतं, उन्हाला आडोसा करणारं. गरुडाचं हे हाड ठळक असतं, घारीचं बेताचं. म्हणून जवळून घार रागीट दिसत नाही, जरा उदासच दिसते. डोळा गडद तपकिरी, डोळ्यामागं काळसर डाग.

चोचीच्या मुळाशी फिकट पिवळसर कातडी असते, नाकपुडी तिच्यातच. चोच काळी, पण कातडीपासून लगेच वाकत नाही. आधी थोडी सरळ जाते, मग खाली वळते. मुलं सुरुवातीपासूनच वाकवतात आणि पोपट तयार होतो. तोंडाची चीर डोळ्याच्या खालपर्यंत मागं जाते, तीही सगळे विसरतात. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक कंगोरा असतो, मानेचा मणका तोडायला. घारीला तो नसतो, तेव्हा ऐट म्हणून देऊ नका.

हे सगळं मला एका दुपारी कळलं. गच्चीवरच्या तारेत मांज्यात अडकलेली घार शेजारच्या पोरांनी सोडवली आणि माझ्याकडे आणली. "पक्ष्यांच्या बाई" म्हणून. अंगावर जुना टॉवेल टाकून उचलली तेव्हा पहिल्यांदा दचकले ते वजनानं. किलोभरही भरली नसती. एवढा पसारा आणि भार कोंबडीच्या निम्मा. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवताना टॉवेल सरकला आणि क्षणभर डोळा दिसला. पापणी मिटली नाही, पण चोचीच्या बाजूनं एक दुधाळ पडदा डोळ्यावरून मागं सरकला आणि परत गेला. गाडीच्या काचेवरचा वायपर फिरावा तसा. तो पडदा मी पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डोकं कापडानं झाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी-मटण काही भरवू नका आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर फोन करा. मांजा ओढून काढू नका, पंख फाटतो. आणि वही उघडू नका. मी त्या दिवशी तिला सोपवून आल्यावर रात्री आठवणीनं काढलं. ते पान माझ्या बऱ्या पानांपैकी आहे.

उडताना

उडता पक्षी समोर ठेवून काढता येत नाही, हे आधी मान्य करा. तो आठवणीतूनच काढायचा. घारीची एक घिरटी डोळ्यांत भरा, डोळे मिटा, पंधरा सेकंदांत जे उरलं ते कागदावर. पहिल्या आठवड्यात बूमरँग उरतात. काढत राहा.

काय बघायचं ते सांगते. पंखाचे दोन भाग असतात, हात आणि पंजा. हाताचा भाग अंगाजवळचा. मनगटाशी पंख पुढं मोडतो आणि तिथून पंज्याची लांब पिसं सुरू होतात. त्यांची टोकं बोटांसारखी सुटी दिसतात. खालून बघितलं तर याच पिसांच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. मनगट चुकलं की अख्खा पंख चुकतो.

दुसरं शेपटी. घारीची ओळख म्हणून सगळे खाचेची शेपटी काढतात आणि ती प्रत्येक चित्रात तशीच ठेवतात. पण शेपटी पूर्ण पसरली की खाच जवळजवळ सपाट होते. आणि वळताना ती शेपटी अशी पिळते की अंग एका पातळीत, शेपटी दुसऱ्या. पंख न हलवता नुसत्या त्या पिळावर घार चौकात दोन तारांच्या मधून निघून जाते. शेपटीची ही तिरकी पातळी काढलीत की पोस्टरवरची घार हवेतली होते.

समोरून येणारी घार काढायला सगळ्यांत अवघड. पंख नुसत्या रेघा होतात, त्या रेघांचा बाकच काय ती ओळख. घारीचे पंख साधारण आडवे, टोकाकडे किंचित खाली झुकलेले. माळावर तरंगत जाणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्याचे वर उचललेले, उथळ व्ही. एका पानावर नुसते असे बाक काढून ठेवा. पुढं लांबच्या ठिपक्याला नाव द्यायला तेच कामी येतात.

खालून पोट भरपूर बघून झालं, आता पाठ बघायची तर पन्हाळ्याला जा. शहरापासून वीसेक किलोमीटर, सकाळची एसटी पकडा. तीन दरवाज्याला फोटो काढणाऱ्यांना सोडून पुसाटी बुरुजाकडे या. वारा कड्यावर आपटून वर चढतो, त्यावर पक्षी तरंगतात आणि तुम्ही वरून त्यांच्या पाठीकडे बघता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काढायचं विसरूनच गेले. खांद्यावरून जाणारा फिकट तिरका पट्टा मला तोवर माहीतच नव्हता, आणि तोवर मी शेदोनशे घारी रंगवल्या होत्या. कठड्याच्या आत बसा, हे वेगळं सांगायला नको. वही पडली तर पडू द्या.

मग पुढचे

वर्षभरानंतर शिक्रा घ्या. विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीत मला तो भेटतो, पण दिसण्याआधी ऐकू येतो: खारी एकदम चिरचिरायला लागतात. चार फटके, एक तरंग, पुन्हा फटके, अशी त्याची चाल. मोठ्याच्या छातीवर आडव्या बारीक तांबूस रेघा, पिल्लाच्या छातीवर उभे ओघळलेले थेंब. घरट्यावरचा शिक्रा उभ्या थेंबांचा काढला तर चित्र सुंदर आणि गोष्ट खोटी. ही चूकही माझ्या खात्यावर जमा आहे.

कापशी घार बघायला उसाच्या फडांच्या कडेनं जाणाऱ्या तारा बघत चला. पांढरी-राखाडी, कावळ्याएवढी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. तारेवर बसून शेपटी वरखाली करत असते. पांढरं रंगवू नका, कागद सोडा आणि सावली निळसर राखाडीनं द्या. डोळ्यात आधी पिवळा भरा, वाळू द्या, वर लाल. थेट लाल भरला तर डोळा मेल्यासारखा दिसतो.

हिवाळ्यात मसाई पठारावर खरुची, म्हणजे छोटा ससाणा, दिसली तर दिवस सार्थकी. वाऱ्यात एका जागी थांबते, पंख थरथरतात, शेपटी पंख्यासारखी उघडलेली आणि डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं हवेत स्थिर. कागदावर आधी डोक्याचा ठिपका द्या, तो हलवायचा नाही. त्याच्याभोवती पंखांच्या तीन-चार स्थिती हलक्या हातानं एकावर एक काढा. थरथर आपोआप उतरते.

गरुड? राधानगरीच्या जंगलात सर्पगरुडाची शीळ ऐका, आधी दिसणार नाही. आणि विष्णूचं वाहन काढायचं असेल तर ब्राह्मणी घार बघा, विटकरी अंग, पांढरं डोकं. दक्षिणेत तिलाच गरुड मानतात. म्हणजे फिरून घारच.

रंग

घार चॉकलेटी नसते. बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळा, गडद भाग तयार. त्यातच पाणी वाढवलं की पाठीचा विटलेला तपकिरी. शेपटीला थोडा बर्न्ट सिएना. काळा रंग डबीतच राहू द्या. आभाळ आधी, पक्षी नंतर, आणि पक्ष्याची एक तरी कड आभाळात विरघळू द्या. ही विरघळ शिकायची तर राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे यांच्या कलादालनात जाऊन त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघा. झाड कुठं संपलं आणि धुकं कुठं सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि रोज त्याच घाटावर जायचा कंटाळा आला तर चित्रकार आबालाल रहिमान आठवा. रंकाळा आणि कोटितीर्थ त्या माणसानं किती वेळा रंगवलं असेल!

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. जानेवारीपासून घारी घरट्यावर असतात, तेव्हा झाडाखाली ठाण मांडू नका. त्या डोक्यावर झेप घेतात आणि त्यांची चूक नसते. आणि पडलेलं पीस घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, पण आपली सवय त्याहून जुनी. पीस जागेवर काढा, दांडा, दोन्ही बाजूंची असमान रुंदी, आणि तिथंच ठेवून या.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा आणि वारा कुठून होता ते लिहा. आणि अधूनमधून वही अशा माणसाला दाखवा ज्याला चित्रातलं काही कळत नाही पण पक्षी रोज दिसतो. मी मामांना दाखवते. आधी ते नुसतं "छान" म्हणायचे आणि सुरीकडे वळायचे. गेल्या रविवारी हात फडक्याला पुसून त्यांनी वही जवळ ओढली, एका पानावर थांबले.

"ही डाव्या पंखातलं पीस मोडलेली न्हवं? ही लई आगाव हाय. परवा तागडीतनंच उचलून न्हेलं हिनं."

मी ते मोडकं पीस मुद्दाम काढलं नव्हतं. परत दुकानाच्या वर बघितलं. टीव्हीच्या छत्रीवर बसली होती, डाव्या पंखात फट.